शेजार बदलून मिळावा

नव्या घरांच्या सोडतीत आपल्या चिठ्ठीवर तीन नंबर निघाला आणि वत्सलाबाईंनी भर मंडपात टाळ्या वाजवल्या. सत्यभामाबाईंना सत्तावीस नंबर आला होता. म्हणजे एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

"सुटले गं बाई!" वत्सलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मंडप हसला. सत्यभामाबाईंनी नुसतं नाक मुरडलं.

गेवराईच्या जिनिंग लाइनीत या दोघींचं भांडण रोजचंच होतं. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या जिनिंग कारखान्यानं मजुरांसाठी पत्र्याच्या तीस खोल्या बांधल्या. दोघी एकाच हंगामात नव्या नवऱ्या म्हणून आल्या आणि कापसातला कचरा वेचू लागल्या. दोघींच्या खोल्यांमध्ये फक्त एक पत्रा. पुढं कारखाना बंद पडला. माणसं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला लागली, निम्मी लाइन दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली. या दोघी कुठं गेल्या नाहीत. मागं राहिलेल्या लेकरांना त्यांनीच जेवू घातलं, आणि कुणाचं कालवण पांचट यावरूनही त्या भांडल्या. आता दोघींचे नवरे नव्हते. लेकी सासरी होत्या. भांडण तेवढं होतं.

कारखान्याच्या पडीक आवारात नगरपरिषदेनं तीस पक्की घरं बांधली होती. घरात नळ, घरात संडास, दाराला रंग. पंधरा दिवसांत जुने पत्रे उतरणार होते. लाइनीत सण असल्यासारखी धांदल होती.

तिसऱ्या दिवशी वत्सलाबाई नगरपरिषदेत इंजिनिअर योगिता मॅडमच्या टेबलासमोर जाऊन बसल्या.

"मॅडम, मला तीन नंबर नको. अठ्ठावीस द्या. आमच्या लाइनीतल्या बंकटला अठ्ठावीस आलाय, त्यो अदलाबदलीला तयार हाय."

योगितानं वर पाहिलं. "आजी, अठ्ठावीस म्हणजे सत्यभामाबाईंच्या शेजारी. तुम्ही तर परवा टाळ्या वाजवत होता."

वत्सलाबाईंनी पदर सावरला.

"मागल्या थंडीत मी तापानं पडलते. सकाळी माझा आवाज आला न्हाई, तर तिनं पत्रा उचकटला अन् आत आली. तीन दिवस कण्या करून पाजल्या. चौथ्या दिवशी मी उठले, तर म्हणती कशी, माझा पत्रा नीट बसवून दे!" वत्सलाबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतक्या लांबून माझा आवाज बंद झालेला कुणाला कळंल, मॅडम?"

योगितानं फाइल उघडली. पानं चाळता चाळता ती थांबली.

"पण सत्तावीसमध्ये आता सत्यभामाबाई नाहीत."

वत्सलाबाईंचा चेहरा उतरला. "कावून? लेकीकडं चालली का चकलांब्याला? मला बोलली बी न्हाई!"

"नाही. त्यांनीही घर बदललं. परवाच, मंडपातून निघाल्या त्या थेट इथंच आल्या. रामकिसनला सत्तावीस दिलं आणि त्याचं चार नंबर घेतलं."

"चार?" वत्सलाबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. तीनच्या पुढं चार. म्हणजे भिंतीला भिंत. "कारण काय दिलं तिनं?"

"लिहून घेतलंय. त्या बोलल्या तसंच आहे."

"वाचा की!"

योगितानं हसू आवरत अर्ज समोर धरला आणि वाचला, "तीन नंबरची बाई लई भांडखोर हाय. नव्या माणसाला झेपायची न्हाई."