दुसऱ्या दिवशीचे आभार

डार्कोने दुरुस्तीच्या दुकानाची फळी उघडली तर समोर कालचं गिऱ्हाईक, पोमा, उभी, लॅपटॉप छातीशी धरून. शेजारी तिचे मामा, खांद्यावरून ठेवणीतलं कापड पांघरलेले. लॅपटॉप बंद पडला असेल तर बरं, चार शिव्या खाऊन मोकळा होईन, असं डार्कोला वाटून गेलं. पण भांडायला येणारं माणूस इतकं नटून येत नाही.

त्याने बाक पुसून दिला, पाणी दिलं, आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय काम काढलंत?"

"काम कसलं?" मामा खड्या आवाजात म्हणाले. शेजारच्या चार दुकानांतल्या माना वळल्या. "मास्टर, कालच्याबद्दल आभार. भाचीला तू मजुरीतले पन्नास सेडी सोडलेस. कुमासीत आजकाल कोण कुणाला सोडतं?"

उपकाराचे आभार त्याच दिवशी मानले तरी दुसऱ्या सकाळी वडीलधाऱ्याला घेऊन पुन्हा मानायचे, ही इथली रीत. डार्कोला ती ठाऊक होती. पण त्या पन्नास सेडींसाठी कुणी येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

काल पोमाने विचारलं होतं, "मेमरी वाढवली की पळेल ना हा?" आणि तो म्हणाला होता, "पळेल? उडेल!" मेमरी त्यात आधीच रग्गड होती. मरायला टेकली होती ती हार्ड डिस्क. आतली टकटक त्याने कानानेच ओळखली होती. पण नवी डिस्क त्याच्याकडे नव्हती, खरं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत गेलं असतं. मेमरीची पट्टी मात्र खणात पडून होती. ती बसवली, वरवरचा कचरा साफ केला, आणि मनाला टोचणी लागली म्हणून पन्नास सेडी कमी घेतले.

"काल कसा भर्रकन उघडला म्हणून सांगू!" पोमा म्हणाली. ती मयताच्या पुस्तिका टाइप करायची. माणूस गेलं की घरचे एकेक जण तिच्याशेजारी बसून गेलेल्याबद्दल बोलत, ती लिहून घेई, आणि दफनाच्या शनिवारी ते छापलेलं सगळ्यांच्या हातात पडे. "पाच घरांचं काम आहे आत. बाडूआजोबा आपल्या बायकोबद्दल बोलले, दोन तास, आणि त्याच आठवड्यात त्यांची वाचा गेली. यंत्र दगा देईल म्हणून मी सगळं पेनड्राइव्हवरही ठेवायची. आता काय गरज? तो पुसला आणि मामांना देऊन टाकला."

"गाणी भरलीत त्यात," मामा खुशीत म्हणाले. "शंभर!"

डार्कोला हसून वेळ मारून नेता आली असती. डिस्क आठवडाभरही टिकली असती कदाचित, आणि मग दोष नशिबाचा. त्याने लॅपटॉपकडे हात पुढे केला.

"पोमाताई, चालू करू नका तो. द्या इकडे."

"का हो, मास्टर?"

"मेमरीने काही झालेलं नाही. मी ओटा मोठा करून दिला, पण कोठीलाच वाळवी लागलीय. तुमचं सगळं लिखाण त्या कोठीत आहे."

पोमाचा चेहरा हळूहळू उतरला. "हे कालच माहीत होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"हो," डार्को म्हणाला.

त्याने डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली. टकटक आता सगळ्यांना ऐकू येत होती. "आधी कुणाचं काढू?"

"बाडूआजोबांचं."

आजोबांचं आलं. पोमाने ते उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मगच मान हलवली. दुसऱ्या घराचं अर्धं आलं. मग टकटक थांबली, आणि डार्कोने तीनतीनदा काढून जोडली तरी डिस्क पुन्हा फिरली नाही.

"चार घरं," पोमा म्हणाली. "एकदा रडून बोललेल्या माणसांना मी पुन्हा बोला म्हणू?"

"मी येतो. माझी चूक मी सांगतो त्यांना. डिस्कही मी—"

"सांगशीलच तू," ती म्हणाली. सकाळपासूनचं 'तुम्ही' तिने तिथेच सोडलं.

डार्कोने वर पाहिलं नाही. मामांनी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त खांद्यावरचं कापड सारखं केलं.

"पोमा, त्याच्यासाठी आणलंयस ते दे."

"मामा, आता?"

"आता म्हणजे? आपण आभार मानायला आलोय ना? घरून निघालेलं परत न्यायचं नसतं."

तिने पिशवीतून झाकलेली ताटली काढली. पामतेलात मळलेला पिवळा सुरण, वर दोन उकडलेली अंडी. माणसाच्या जिवाचं भलं व्हावं म्हणून पहाटे उठून करतात ते. तिने ते उजव्या हाताने त्याच्यापुढे धरलं. तोंड दुसरीकडे केलं.

"घरी जाऊन खातो, मामा," डार्को पुटपुटला.

"इथंच खा. आमच्यासमोर."

गल्लीतलं कुणीच कामाला लागलं नव्हतं. डार्कोने ताटली बाकावर ठेवून एक अंडं उचललं. पहिला घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. डोळ्यांतून पाणी आलं तसं त्याने खाली पाहिलं.

"सावकाश," मामा म्हणाले आणि ताटली त्याच्याकडे थोडी सरकवली. "अजून एक आहे."