सोंग

माझ्या जुन्या कम्प्युटरसाठी मी बेरजांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. शिवाजीनगरातल्या आमच्या गल्लीतली मुलं शाळा सुटली की तो खेळायला माझ्याकडेच यायची.

मग शेजारच्या प्रदीपकुमारने नवा कम्प्युटर घेतला आणि मुलं तिकडे वळली.

“अण्णा, तुमचाच प्रोग्रॅम चालवतो,” तो म्हणाला. “माझा कम्प्युटर तुमच्या जुन्याचं सोंग घेतो. प्रोग्रॅमला फरक कळतच नाही.”

मला राहवेना. हेवा वाटत होता, तरी बघायला गेलो.

आठ वर्षांच्या मेघाश्रीची बेरीज चुकली. माझ्या प्रोग्रॅमला ‘चूक’ एवढंच म्हणता येई. पण पडद्यावर उमटलं, ‘घाबरू नकोस. पुन्हा बोटांवर मोज.’

हे मी मुलांच्या कानात सांगायचो. प्रोग्रॅममध्ये कधीच लिहिलं नव्हतं.

“तू घातलंस हे?”

“नाही अण्णा, मी हातसुद्धा लावला नाही.”

“आजोबा, जरा गप्प बसा ना,” मागे न बघता मेघाश्री म्हणाली. “ते शिकवतायत.”

तिला उठवून मीच बसलो. प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे नाव विचारलं. मी टाइप केलं, नरसिंहराव.

पडदा क्षणभर काळा झाला. मग ओळ आली.

‘नरसिंहराव इथे शिकवत आहेत. आपण कोण?’