पालकांचं काम

शिबिराच्या शेवटच्या दिवशी नाटकं होती, पण निम्म्या शिरूरचे आईबाप कंपनीत ड्युटीवर. म्हणून शिबिर घेणाऱ्या सीमाताईंनी मोठ्या गटातल्या मुलांना छोट्यांचे पालक करून खुर्च्यांवर बसवलं. नववीतली गौतमी पहिलीतल्या सम्राटची आई झाली. तिनं हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या, ओढणीनं त्याच्या तोंडावरचा रंग पुसला आन् म्हणाली, "लई ग्वाड काम केलं माझ्या बाळानं!"

मोठ्यांच्या नाटकाची पाळी आली तवा बहुतेक छोटे रिक्षाकडं पळाले होते, आणि मांडववाला खुर्च्या गोळा करत होता. समोरच्या मोकळ्या जागेकडं बघत गौतमी कसंबसं बोलू लागली.



"ओ मामा, खुर्च्या वाजवू नका की!" कडेला उरलेल्या एका खुर्चीवरून सम्राट ओरडला. "माझी पोरगी बोलतीया."