बाईंचा हेडफोन

“शिक्षणात क्रांती झालेली आहे, फक्त ती लोकांपर्यंत पोचायची राहिली आहे,” असं जाहीर करून विस्तार अधिकारी बारगळ साहेबांनी वर्गातल्या टीव्हीचं बटण दाबलं. टीव्हीवर अक्षरं उमटली : अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. मुलांनी ती एका सुरात वाचून दाखवली. वाचन चांगलं झालं म्हणून साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग आपण टाळ्या वाजवायला नव्हे, चौकशीला आलोय हे आठवून त्यांनी हात मागे बांधले.

चौकशी स्नेहलबाईंची होती. काष्टीच्या पुढच्या या वस्तीशाळेत पहिली ते चौथी त्या एकट्याच शिकवत. दुसरे गुरुजी कसल्याशा सर्वेक्षणाला गेले होते, ते तिकडेच रुजले. वस्तीची तक्रार अशी, की बाई सकाळी टीव्ही लावून देतात, लॅपटॉप उघडतात, कानात हेडफोन घालतात आणि मुलांकडे पाठ करून बसतात, ते शाळा सुटेपर्यंत. तक्रार खरी ठरली तर बाई निलंबित होणार होत्या. वस्तीचं मागणं तेवढंच होतं.

मुलांना बाहेर लिंबाखाली पाठवलं. वर्गात शाळा समितीचे अध्यक्ष अजिनाथ, चार-पाच बाप्ये आणि चांगुणाबाई एवढे लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले.

राग सगळ्यांनाच होता, पण चांगुणाबाईंचा मुरलेला होता. त्यांची थोरली नात याच बाईंच्या हाताखाली शिकून शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत आली होती. तेव्हा बाई चिंचोके घेऊन भागाकार शिकवायच्या, आणि पोरगी घरी आल्यावर टोपल्यातल्या भाकरीही भागून दाखवायची. धाकटा समर्थ आता तिसरीत होता. त्याला सिंहाला इंग्रजीत काय म्हणतात ते येत होतं, जिराफाला काय म्हणतात ते येत होतं. दोन्हींपैकी एकही जनावर काष्टीच्या बाजारात येत नाही.

“सोळा लिंबं चौघींत वाट म्हनलं,” चांगुणाबाई म्हणाल्या, “तर मला म्हनतो, आजी, आधी जाहिरात संपू दे. माझी शेळी ह्याच्यापरीस हुशार हाय, साहेब. तिला टीव्ही न्हाई ना दावला.”

कोणी हसलं नाही. साहेबांचे ओठ हलले होते, ते त्यांनी खोकल्याकडे वळवले.

मग बाईंना विचारणं झालं. टीव्ही लावता का, तर लावते. मुलांकडे पाठ करता का, तर करते. एवढं सरळ कबूल केल्यावर पुढे भांडायचं कसं, हा बाप्यांना प्रश्न पडला. अजिनाथांनी तो सोडवला.

“पर बाई, दिवसभर त्या लॅपटॉपात करता काय?”

“ऑनलाइन ट्रेनिंग,” स्नेहलबाई म्हणाल्या. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, मध्येच प्रश्न येतो, उत्तर दिलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून जागचं उठता येत नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

अजिनाथ उठून भिंतीकडे गेले. तिथे बाईंच्या नावाचं प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलेलं होतं.

“तुमची ट्रेनिंग तर दिवाळीच्या आधीच सरली, बाई. ही काय फ्रेम. आता शिमगा आला. मग रोज कोनची ट्रेनिंग चालती?”

बाईंच्या हातातला खडू मोडला. त्यांनी एकवार साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाप्यांना काय समजायचं ते समजलं. एकाचं मत पडलं, साड्या बघत असतील. दुसऱ्याचं, मालिका. तिसऱ्याचं, शेअर बाजार. तो स्वतः त्यात बुडाला होता, त्यामुळे त्याला खात्रीच होती.

साहेब ताडकन उठले. त्यांचा आवाज असा लागला की बाहेर लिंबाखालची मुलं चिडीचूप झाली. गोरगरिबांच्या लेकरांच्या आयुष्याशी खेळताना लाज कशी वाटत नाही, सरकारने टीव्ही काय तुम्ही पाठ फिरवावी म्हणून दिला का, असे बरेच प्रश्न त्यांनी विचारले. उत्तराला मध्ये जागा ठेवली नाही.

“लेखी खुलासा द्या,” ते शेवटी म्हणाले.

“देते,” स्नेहलबाई म्हणाल्या. “सगळं लिहू, सर?”

“मोजकं लिहा. आणि निलंबनानंतर माणूस अकोले तालुक्यातल्या शेवटच्या डोंगरावरही रुजू होऊ शकतो, हे ध्यानात ठेवून लिहा.”

वस्तीचं समाधान झालं. असा कडक साहेब या बाजूला पहिल्यांदाच आला, असं म्हणत बाप्ये उठले. चांगुणाबाई जाता जाता बाईंपुढे थांबल्या. त्यांचा राग एवढ्यात कुठेतरी सांडला होता.

“बाई, तुमी अशा नव्हत्या वो.”

निलंबन ऐकून न हललेल्या स्नेहलबाईंचा चेहरा या वाक्यावर आतून ढासळला. त्यांनी तोंड उघडलं, साहेब खाकरले, त्यांनी ते मिटलं.

अजिनाथांच्या घरी चहा ठेवला होता. साहेबांनी सगळ्यांना पुढे व्हायला सांगितलं. बाईंचा जबाब एकांतात घ्यावा लागेल, म्हणाले. वर्गाचं दार त्यांनी स्वतः लोटलं. चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून मोबाईल काढला आणि हात लांब करून त्याच्याकडे पाहिलं. आवाज आता अगदी घरचा झाला होता.

“मॅडम, माझ्या ट्रेनिंगचा पुढचा भाग उघडलाय, ‘वर्गात डिजिटल साधनांचा जबाबदार वापर’. ओटीपी सांगतो, तेवढा घाला. आणि या वेळी चाचणीत एखादं उत्तर चुकवा. सगळीच बरोबर आली की लोकांना संशय येतो.”