ओट्याजवळचं बटण

देशमान्यांच्या खोलीतले दोन्ही एलईडी एकाएकी वेड्यासारखे लुकलुकायला लागले.

मुलीच्या लग्नाला ते गेले नाहीत, तेव्हापासून बायकोने त्यांच्याशी अबोला धरला होता. मग त्यांनीच छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून ओट्याजवळ बटण बसवलं. तिने एकदा दाबलं की हिरवा दिवा, म्हणजे चहा. दोनदा दाबलं की लाल, म्हणजे जेवण. तेवढ्यावर वर्षं निघाली.

त्यांनी वायर तपासली, प्रोग्रॅम वाचला. सगळं ठीक होतं. वैतागून ते स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर बसून एक चिमुरडी पटापट बटण दाबत होती. शेजारी त्यांची मुलगी चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. बायकोही पाठमोरीच.

"आजोबा, हे बिघडलंय. दिवा लागतच नाही," चिमुरडी कुरकुरली.

देशमाने घुटमळले. "लागतो की. दिवे माझ्या खोलीत आहेत." त्यांनी तिला खाली उतरवलं. "तू पळत जाऊन बघ. मी इथून दाबतो."

ती पळाली. देशमाने बटणापाशी आले. ओट्याशी जागा कमी होती. बायको जरा सरकली.