किताओच्या नावाची बाटली

जपानमधल्या वाकायामातल्या शाईच्या बड्या कारखान्यात किताओ पिवळ्या रंगाची भुकटी दळायचा. त्याच्या विभागातल्या दोघांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, तेव्हा कंपनीने सगळ्यांची लघवी तपासायला मागवली. किताओच्या लघवीतून आठवडाभर रक्त जात होतं. नोकरी जाईल या भीतीने त्याने बाटली बायकोपुढे धरली. “लाज सोडलीत अगदी!” म्हणत त्सुनेने भरून दिली. चार दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला बोलावलं. “किताओ-सान, लघवीत रक्त आहे. पेशीही वाईट दिसताहेत.” “ती बाटली माझी नव्हती,” किताओ चाचरला. “बायकोची होती.” “त्या कोणत्या विभागात आहेत?” “तिने कारखान्याचं फाटकही पाहिलेलं नाही.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किताओ धावत घरी आला. अंगणात त्सुने त्याचे कपडे झटकत पिवळ्या धुळीत खोकत होती. त्याने सदरा हिसकावला. “अहो, असं काय? वीस वर्षं मीच झटकतेय ना?”