डॉक्टरांनी न सांगितलेला व्यायाम

काटा शहात्तरवर थांबला. डॉक्टरांनी पोस्टमास्तरांना खाली उतरवलं, पुन्हा वर चढवलं. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

“चार महिन्यांत आठ किलो! साखरही आटोक्यात. चालायला जाता वाटतं रोज?”

“चालायला सवड कुठे आहे?” पोस्टमास्तर खुशीत म्हणाले. “तुमचाच व्यायाम चाललाय की. सकाळी केर. मग फरशी, तीही उकिडवं बसून. उभ्याने पुसलं तर गुण येत नाही म्हणालात ना. कपडे पिळून गच्चीवर वाळत घालायचे, म्हणजे चार जिने चढा आणि उतरा. मग बाजार, कुकर, भांडी.”

पस्तीस वर्षं पोस्टात खुर्ची उबवलेला हा माणूस. घरात त्याने इकडची काडी तिकडे केली नव्हती. पहिला महिनाभर त्याने फडकं पिळताना डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग अंगवळणी पडलं. आता तर शेजारच्या सुनेला डाग काढायचे सल्ले द्यायला लागला होता, ती बिचारी ऐकूनही घेत होती.

“एक मात्र कळलं नाही,” पोस्टमास्तर म्हणाले. “विम्याचे कागद कुठे, चाव्या कुठे, गॅसचा नंबर कोणता, हे पाठ करायचं, हा कसला व्यायाम? हिला विचारलं, तर म्हणाली, मेंदूचा.”

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“मी असलं काही सांगितलं नाही. तुमचा रिपोर्ट न्यायला वहिनी आल्या होत्या, तेव्हा त्यांच्याकडे निरोप दिला होता. रोज अर्धा तास चाला, एवढाच.”

पोस्टमास्तरांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. बायको पिशवीची चेन लावत होती. ती आधीच लागलेली होती.

“वहिनी,” डॉक्टर जरा हळू बोलले, “तुम्ही यांना अजून सांगितलं नाहीत?”

“सांगणारच होते. म्हटलं, आधी यांचा कुकर तरी नीट लागू दे.”

मग डॉक्टरांनीच सांगितलं. वहिनींच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, पुढे ढकलता येणार नाही. सगळे प्रयत्न करू, पण खात्री देता येत नाही.

“कधी कळलं हे?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“चार महिने झाले. तुमचा रिपोर्ट न्यायला आल्या, त्याच दिवशी. जिना चढून आल्या आणि त्यांना बोलवेना, म्हणून तपासलं.”

चार महिने म्हणजे केरसुणी हातात आली तेव्हापासून. बायको खुर्चीत बसून सूचना करायची, कोपरा राहिला, पीळ घट्ट मारा. आणि हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमच्या राणीसाहेब हल्ली नुसते हुकूम सोडतात. पोस्टमास्तरांना स्वतःची लाज वाटली. अगदी मान खाली जाईल इतकी.

दवाखान्याचा जिना उतरताना तिची पिशवी त्यांनी घेतली. मधल्या वळणावर ती कठडा धरून थांबली. तेही थांबले. त्यांना दम लागला नव्हता, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

“रागावलात?”

“नाही गं. घाबरलोय.”

“घाबरायचं काय त्यात? आता सगळं येतं तुम्हाला. माझ्यावाचून काही अडायचं नाही.” हे ती अगदी हिशेब जुळल्यासारखं समाधानाने म्हणाली.

पोस्टमास्तरांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. अंगातला सदरा त्यांनी सकाळी स्वतः इस्त्री केला होता. बाहीची घडी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, कॉलर कडक उभी होती.

“सगळं कुठे येतंय?” ते म्हणाले. “इस्त्री कुठे येते मला?”

“त्यात काय. घरी गेल्यावर दाखवते. दोन दिवसांत येईल.”

“दोन दिवसांत नाही यायची. मी ढ आहे, तुला माहितेय. वर्षं लागतील. चार, पाच, सांगता येत नाही.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे पाहिलं. हात पुढे करून तिने त्या कडक कॉलरवरची नसलेली चुणी सरळ केली.

“खरंच की,” ती म्हणाली. “अगदीच कच्चे आहात.”